बेने इस्राएलांची शिपाईगिरी आणि नागरिकत्वाचा हक्क

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथून रोज मुंबईस कामावर जाणारा मनुष्य ज्या स्थानकांवरून जातो, त्यांपैकीं दोहोंपाशीं एका लहानशा समाजाच्या खुणा आहेत. पहिलें स्थानक ठाणें. तेथें १८७९ सालीं बांधलेलें ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गद्वार’, नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आजहि नांदतें आहे. दुसरें स्थानक मस्जिद. हें नांव जवळच्या ज्या जुन्या मशिदीवरून पडलें असें सांगतात, ती मशीद मुसलमानांची नव्हे. ती बेने इस्राएल लोकांची आहे. आपल्या प्रार्थनामंदिराला हे लोक मराठींत मशीदच म्हणत आले. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवरील ही मशीद १७९६ सालीं उभी राहिली, आणि ती उभारणारा पुरुष पेशानें शिपाई होता.

या शिपाईगिरीविषयीं, आणि तिच्या आधारें एका अल्पसंख्य समाजानें आपला हक्क कसा मांडला याविषयीं, आज चार शब्द बोलावयाचे आहेत. प्रश्न एका समाजापुरता नाहीं. ज्या समाजाची संख्या थोडी, त्याला आपण या देशाचे आहोंत हें सिद्ध करून दाखवावें लागतें काय? आणि दाखवावयाचें झाल्यास कोणत्या पुराव्यानें? रणांगणावर पडलेल्या माणसांची यादी हा तो पुरावा होऊं शकतो काय?

बेने इस्राएल हे कोंकणचे यहुदी. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्यांतील गांवोगांवीं ते तेलघाणा चालवीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. त्यांचीं आडनांवें किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, अशीं गांवांवरून पडलेलीं. धर्म वेगळा आणि बाकी सारें शेजाऱ्यासारखें, अशी ही स्थिति होती.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी मुंबईस येऊं लागली. ईस्ट इंडिया कंपनीला कोंकणांतून शिपाई हवे होते, आणि घाण्यापेक्षां पलटणींत पोट अधिक बरें भरत होतें. सॅम्युएल यहेझ्केल, ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर, हे अशाच एका पलटणींतले हिंदी कमांडंट. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत ते टिपू सुलतानाच्या हातीं सांपडले. हे बंदी ‘बनी इस्राईल’ आहेत असें समजल्यावर, कुराणांत ज्यांचें नांव येतें ते हेच लोक, म्हणून सुलतानाच्या मातेनें त्यांना जीवदान देवविलें, अशी आख्यायिका आहे. सुटून परत आल्यावर त्यांनीं कृतज्ञतेनें जें प्रार्थनामंदिर बांधलें, तेंच मांडवीचें ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे ‘दयाद्वार’. पुढल्याच वर्षीं धर्मग्रंथाची गुंडाळी आणावयास म्हणून ते कोचीनला गेले, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला.

दिवेकरांच्या मागून शेंकडों बेने इस्राएल मुंबईच्या फौजेंत शिरले. संख्येच्या मानानें त्यांच्यांतून सुभेदार, जमादार व सुभेदार-मेजर पुष्कळच निघाले. पेन्शन घेऊन घरीं आलेला सुभेदार हा मग समाजाचा पुढारी होई. प्रार्थनामंदिराचा कारभार मुकादम, चौगुला व गबाई पाहात. त्या पंचांत या पेन्शनर मंडळींचें वजन मोठें असे. पलटणींत त्यांनीं कागद वाचावयास, हिशोब ठेवावयास व साहेबापाशीं अर्ज मांडावयास शिकून घेतलें होतें. समाजाची बाजू सरकारपुढें मांडण्याची विद्या या लोकांनीं सभेंत शिकली नाहीं, छावणींत शिकली.

पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा मार्ग अरुंद झाला. पलटणी जातवार रचण्याची पद्धत वाढली, आणि अवघ्या कांहीं हजारांच्या समाजाला स्वतंत्र तुकडी कोठून मिळणार? केवळ ज्येष्ठतेनें मिळणारी बढतीहि राहिली नाहीं. तेव्हां सुभेदारांचे नातू रेल्वेंत, टपालखात्यांत, इस्पितळांत व सरकारी कचेऱ्यांत शिरले. ज्या रेल्वेनें आपण आज प्रवास करतों, तिच्या कडेनें ठाणें-कल्याणपर्यंत या समाजाची वस्ती पसरली ती या नोकऱ्यांमुळें.

याच काळांत हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. समाजाच्या मुलांसाठीं १८७५ सालीं मुंबईंत जी शाळा निघाली, तिच्या मुख्य संस्थापकांत ते होते. त्यांचा ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहून झाला. परंतु तो छापून निघाला १९३७ सालीं, तोहि तेल अवीव येथें. त्यांत त्यांनीं सैन्यांतील बेने इस्राएल अंमलदारांचीं नांवें काळजीपूर्वक नोंदविलीं आहेत. सरकारला आणि जगाला त्यांना सांगावयाचें होतें कीं, आम्ही परके नाहीं. आमचीं माणसें या झेंड्याखालीं लढलीं आहेत.

विशेष हें कीं, याच वेळीं सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंतले यहुदी हेंच करीत होते. तेथें यहुदी लोक युद्धाच्या वेळीं मागें राहतात असा आक्षेप घेतला जात असे. त्याला उत्तर म्हणून सायमन वुल्फ या गृहस्थानें १८९५ सालीं यहुदी सैनिकांच्या कित्येक हजार नांवांची यादीच पुस्तकरूपानें काढली. आणि १८९६ च्या मार्चांत न्यूयॉर्क शहरीं यादवी युद्धांत लढलेल्या यहुदी शिपायांनीं स्वतःचा संघ स्थापन केला. माजी सैनिकांचा तो संघ पुढें देशभर पसरला व आजहि काम करीत आहे. प्रख्यात लेखक मार्क ट्वेन यांनीं १८९९ सालीं असाच आक्षेप लिहिला होता. युद्धखात्याचे आंकडे पाहिल्यावर त्यांनीं पुरवणी जोडून तो परत घेतला. येथें यादीचा उपयोग झाला, कारण वाचणारा प्रामाणिक होता.

जर्मनींत मात्र उलट घडलें. पहिल्या महायुद्धांत सुमारें एक लाख यहुदी जर्मन सैन्यांत होते, आणि त्यांपैकीं सुमारें बारा हजार मारले गेले. तरीहि १९१६ सालीं, युद्ध चालूं असतांनाच, यहुदी शिपाई आघाडीवर आहेत कीं नाहींत याची शिरगणती सरकारनें करविली. १९१९ सालीं परतलेल्या सैनिकांनीं आपला संघ काढला, आणि १९३२ सालीं मृतांच्या नांवांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला. आघाडीवर लढलेल्यांना नोकऱ्यांच्या बाबतींत आरंभीं जी सवलत मिळाली, ती १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांच्या वेळीं गेली. आणि त्यानंतर पदकें छातीवर असलेलीं माणसेंहि मृत्यूच्या छावण्यांत धाडलीं गेलीं. ज्याला ऐकावयाचेंच नाहीं, त्याच्यापुढें बारा हजार नांवें वाचून उपयोग काय?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीनें उभा राहिला. १९१७ सालीं माँटेग्यूसाहेबांची घोषणा झाली आणि प्रत्येक समाज आपलें गाऱ्हाणें व मागणें लिहूं लागला. बेने इस्राएलांनीं आपली परिषद भरविली. आणि त्याच सुमारास जेकब बापूजी इस्राएल व डेव्हिड एरुलकर यांच्या पुढाकारानें ऑल इंडिया इस्राएलाइट लीग स्थापन झाली. एका समाजाच्या दोन संस्था झाल्या, कारण मतें दोन होतीं. सरकारशीं आजोबांनीं राखलेली इमानदारी हीच आपली ठेव, असें एका पक्षाला वाटे. आपलें भवितव्य देशाच्या भवितव्याशीं बांधलेलें आहे, असें दुसऱ्याचें म्हणणें. हेच एरुलकर १९१६ सालीं पुण्याच्या खटल्यांत लोकमान्य टिळकांच्या बचावासाठीं जिनांच्या जोडीला उभे होते. आणि त्यांचे बंधु डॉ. अब्राहम एरुलकर यांनीं पुढें गांधीजींच्या प्रकृतीची देखभाल केली. १९३७ सालीं डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल गृहस्थ मुंबईचे महापौर झाले. वरळीकडचा रस्ता त्यांच्याच नांवाचा आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्या यादीनें इंग्रज सरकारपाशीं वजन मिळावयाचें, तीच यादी राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीनें अडचणीची होती. परक्याच्या फौजेंतील सुभेदारी स्वराज्यांत कोण मोजणार? झेंडा बदलला कीं त्या झेंड्याखालीं कमावलेल्या हक्काची किंमतहि बदलते. लीगच्या मंडळींनीं हें ओळखलें होतें.

यादीचें अपुरेपण पुन्हा एकदां दिसलें, तें खुद्द इस्राएलच्या भूमींत. १९४८ नंतर या समाजाचा बराच मोठा भाग तिकडे गेला. तेथें १९६२ सालीं मुख्य धर्मपीठानें फर्मान काढलें कीं, बेने इस्राएल वधूवरांचा विवाह इतर यहुद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनीं शतकानुशतकें घाणा बंद ठेवून शनिवार पाळला, त्यांना स्वधर्मीयांनींच विचारलें, तुम्ही खरे यहुदी कशावरून? १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेममध्यें बायकामुलांसह ठिय्या देऊन त्यांनीं सत्याग्रह केला. ऑगस्टांत तिकडच्या संसदेनें बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असा ठराव केला, आणि धर्मपीठाला फर्मानांतून त्यांचें नांव काढावें लागलें. या लढ्यांत आजोबांच्या पदकांचा उपयोग नव्हता. तेथें प्रश्न आजीच्या लग्नाचा होता.

स्वतंत्र भारतांत या समाजावर अशी पाळी आली नाहीं, हें आपल्या देशाला भूषणावह आहे. व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅम्सन हे पुण्याचे बेने इस्राएल. १९५९ ते १९६२ या काळांत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते. १९७१ सालीं डाक्का येथील शरणागतीच्या वाटाघाटी ज्यांनीं केल्या, ते जनरल जेकब कलकत्त्याच्या बगदादी यहुदी घराण्यांतले. देशानें त्यांचा गौरव केला, तो सेनानी म्हणून. त्यांच्या धर्माची चौकशी कोणी केली नाहीं.

आणि आपल्या या भागांतील लोकांना तर या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधावयास नको. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ फौजेसाठीं बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजाजींच्या हस्तें कोनशिला बसून त्या छावणीचें उल्हासनगर झालें. आजहि तेथील भागांना लोक कँप नंबर एक, कँप नंबर दोन असेंच म्हणतात. त्या बराकींत शिरणाऱ्या कुटुंबाला ‘तुमच्या घरांतून किती शिपाई झाले’ असें कोणी विचारलें नव्हतें. हालअपेष्टा त्यांनीं पुष्कळ भोगल्या. परंतु घर मिळण्याचा हक्क माणूस म्हणून होता, शौर्याचें बक्षीस म्हणून नव्हता. शिपायांच्या बराकी निर्वासितांच्या झाल्या, यांतच आपल्या प्रश्नाचा निकाल आहे असें मला वाटतें.

मग समाजाच्या संस्थांनीं करावें तरी काय? त्यांचें खरें काम अधिक साधें आणि अधिक चिकाटीचें आहे. २००६ सालीं नवी मुंबईंत खारघर येथें एका उपाहारगृहाला हिटलरचें नांव दिलें गेलें. यहुदी मंडळींनीं निषेध केला, मालकाशीं बोलणें केलें, आणि थोड्याच दिवसांत तें नांव बदललें. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजाला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. कित्येक वर्षांच्या अर्ज-विनंत्यांचें तें फळ. अशा कामाला तोफा लागत नाहींत. नोंदवह्या, पत्रव्यवहार आणि धीर लागतो.

वेळ मात्र थोडा आहे. १९४८ च्या सुमारास भारतांत बेने इस्राएल सुमारें वीस हजार होते. २०११ च्या शिरगणतींत साऱ्या देशांतील सर्व यहुदी मिळून साडेचार हजारांच्या थोडे वर भरले. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रांत. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्या धर्माप्रमाणें दहा प्रौढ पुरुष लागतात; कोंकणांतील जुन्या मंदिरांत ते दहाहि जमविणें कठीण झालें आहे. गांवोगांवच्या दफनभूमींवर झुडपें वाढतात आणि थडग्यांवरचीं मराठी व हिब्रू अक्षरें झिजतात. लग्नांच्या जुन्या वह्या, वंशावळी आणि कबरींवरील लेख हे उतरून घेणें, आणि त्या त्या गांवच्या शाळेंतल्या मुलांना त्यांची ओळख करून देणें, हें काम एकट्या त्या समाजाचें नाहीं. ज्या गांवांचीं नांवें हे लोक आडनांव म्हणून तेल अवीव आणि अश्दोदपर्यंत घेऊन गेले, त्या गांवांचेंहि तें कर्तव्य आहे.

केहीमकरांनीं शिपायांचीं नांवें लिहून ठेवलीं, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोंत. तीं नांवें आदरानें वाचावींत. परंतु तीं कोणाच्या नागरिकत्वाची पावती म्हणून मागूं नयेत. ज्या घरांतून एकहि शिपाई गेला नाहीं, ज्यानें जन्मभर केवळ तेलाचा घाणा चालविला आणि शनिवारीं तो बंद ठेवला, त्याचाहि या भूमीवरचा हक्क सुभेदाराइतकाच पक्का होता आणि आहे.