दोन आवाज, एक गाणं

आज आम्ही अमेरिकेतल्या न्यूयॉर्ककडची गोष्ट सांगणार आहोत.

अँथ्रॅक्स हा तिथला हेवी मेटल बँड. विजेवरच्या गिटारी, दणदणीत ड्रम. श्रोते बहुतेक गोरे. पब्लिक एनिमी हा काळ्या तरुणांचा रॅपचा गट. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलणं. दळताना जात्याच्या घरघरीवर आपण ओवी बसवतो ना, तसे शब्द बसवायचे.

अँथ्रॅक्सचे गिटारवादक स्कॉट इयान पब्लिक एनिमीचा टी-शर्ट घालून मंचावर यायचे. पब्लिक एनिमीच्या चक डी यांनीही ‘ब्रिंग द नॉइज’ या गाण्यात अँथ्रॅक्सचं नाव घेतलं. मग १९९१ मध्ये दोघांनी तेच गाणं मिळून केलं आणि एकत्र दौराही काढला. बाज कुणीच सोडला नाही. बोल रॅपचेच राहिले, गिटार मेटलचीच.

आपल्याकडे दोन गटांनी एकत्र यायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, नाव कुणाचं होणार? आणि काम तिथंच अडतं. यांनी आधी एकमेकांचं नाव घेतलं, काम नंतर केलं.

मैत्रिणींनो, शेजारच्या गटाचं चारचौघींत कौतुक आपण कधी केलं होतं? पुढच्या बैठकीत करून बघू या.