धुराड्याच्या दरजा



आज मी धुराड्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आता गॅस आला. धुराडे कशाला?" पण खरे सांगा, आंघोळीचे पाणी अजून कशावर तापते? बहुतेक घरी चुलीवरच ना?

माझ्याच घरची गोष्ट ऐका. आमच्या धुराड्याच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या सांधी, झिजल्या होत्या. मी कोणाला न विचारता वरच्यावर सिमेंट थापले. एक पावसाळा गेला. सिमेंटचा पापुद्रा निघाला. त्याबरोबर विटांची तोंडेही निघाली. थंडीत एका रात्री माळ्यावर धूर दिसला. वर जाऊन पाहतो तो काय! फटीपाशी वासा जळून काळा झालेला. शेजारीच कडबा. खाली नातवंडे झोपलेली. आजही अंगावर काटा येतो.

मग जुन्या गवंड्याला बोलावले. तो म्हणाला, "गुरुजी, जुनी वीट मऊ, सिमेंट कडक. आत शिरलेले पाणी सिमेंट अडवते. मग ते विटेतून वाट काढते आणि वीट फुटते. चुना ओल बाहेर जाऊ देतो." आपल्या औंढा नागनाथाच्या देवळावरही जुन्या लोकांनी चुन्याचेच काम केले आहे.

त्याने काम कसे केले ते सांगतो.

आदल्या दिवशी चूल विझवली. काजळी झाडली. दरज अर्धा इंच रुंद होती, ती इंचभर खोल उकरली. धूळ काढली. विटांवर पाणी शिंपडले. कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते, मग चुना धरत नाही. एक घमेले विरलेला चुना, एक घमेले विटांची भुकटी आणि दोन घमेली धुतलेली वाळू घेतली. हे चांगले मळून थापीने दाबून दाबून भरले. वरून ओले गोणपाट बांधले. आठ दिवस आम्ही चूल अंगणात मांडली. नंतरही दोन-तीन दिवस जाळ बारीक ठेवला.

चुना हाताळताना मात्र जपा. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो. मुलांना दूर ठेवा. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

हे काम दिवाळीनंतर करावे. तेव्हा पाऊस नसतो आणि ऊनही कडक नसते.

आज घरी गेलात की माळ्यावर चढा. धुराड्याला हात लावून पाहा. बोटाला भुकटी लागली, तर उद्यावर टाकू नका. मी टाकले होते. वासा गेला, पण नातवंडे वाचली. दर वेळी तसे होईलच असे नाही.