मागायचे ते उघडपणे मागू
(पेण व रोहा येथील हितचिंतकांच्या सभेतील भाषण)



मागच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “आपण औषधे द्यावीत, मुलांना शिकवावे. तंबाखूच्या दुकानासाठी तहसीलदारांकडे जाणे म्हणजे राजकारण नाही का?” प्रश्न रास्त आहे.

रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीतला लहान मुलगा आजीच्या मशेरीसाठी तंबाखू आणायला जातो. दुकान शाळेला लागूनच आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच नाही. आजीच्या तोंडातल्या चट्ट्यावर औषध द्यायचे आणि दुकानाबद्दल गप्प बसायचे, तर आपली सेवा अर्धीच राहते.

पण सरकारदरबारी जाणारे सगळे सारखे नसतात. तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा १ एप्रिल २०१५ पासून छापायचा होता. संसदेच्या एका समितीने तो लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. समितीतले एक खासदार स्वतःच बिडी व्यवसायातले होते. त्याच सुमारास तोंडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सुनीता तोमर यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून इशारा लांबवू नका, असे कळवले. १ एप्रिललाच त्या वारल्या. इशारा आला तो २०१६ मध्ये.

एकीकडे धंद्याचा संबंध होता. दुसरीकडे पत्र लिहिणारीला स्वतःसाठी काहीच मिळायचे नव्हते. आरोग्यासाठी आवाज उठवणे आणि हितसंबंधांसाठी वशिला लावणे, यांत हाच फरक आहे.

मात्र हा निकष आपल्यालाही लागू आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. अर्ज आधी वाडीत वाचून दाखवायचा. समजल्याशिवाय कोणाचा अंगठा घ्यायचा नाही. कोणत्याही पक्षाचा झेंडा नको, साहेबांना भेटवस्तू नको, तंबाखू कंपनीची देणगी तर नकोच. आणि तहसीलदारांच्या आधी दुकानदारीण बाईंशी बोलायचे. त्यांचेही पोट त्या दुकानावर आहे. तंबाखूऐवजी दुसरा कोणता माल ठेवता येईल, ते त्यांच्याबरोबर बसून पाहायचे.

पुढच्या ग्रामसभेत वाडीतल्या बायाच हा विषय मांडणार आहेत. आपण मागच्या रांगेत बसू. त्या चारचौघांत जे बोलतील, तेच आपण कचेरीत बोलायचे. त्याहून वेगळे काही कानात सांगावेसे वाटले, तर आपले काहीतरी चुकते आहे असे समजावे.