रोमनांची कुदळ

रोमचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर हॅनिबलचे हत्ती आल्प्स चढू लागतात आणि भर सभेत सीझर रक्तबंबाळ होऊन कोसळतो. शाळांतून शिकविला जाणारा इतिहासही याच दोन चित्रांभोवती फिरतो. त्यामुळे ज्या गोष्टीच्या बळावर त्या राष्ट्राने भूमध्य समुद्राच्या चहूकडच्या किनाऱ्यांवर आपला अंमल बसविला, ती मुलांच्या कानांवर कधी पडतच नाही. ती गोष्ट म्हणजे रोमन सैनिकाची कुदळ. मला मिळालेली मिनिटे मी तिलाच देणार आहे.

ख्रि. पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला आलेल्या पॉलिबियस या ग्रीक गृहस्थाने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात रोमन छावणीचे वर्णन केले आहे. मोहिमेवरचे सैन्य मुक्कामाला पोहोचले की प्रथम सेनापतीच्या तंबूच्या जागी निशाण रोवले जाई. त्याभोवती प्रत्येक बाजू निशाणापासून शंभर फुटांवर येईल असा चौरस राखला जाई. मग पन्नास फूट रुंदीचे रस्ते आखले जात, आणि शत्रूचा भाला वा पेटता बाण पोहोचू नये म्हणून तंबू व तट यांमध्ये दोनशे फूट मोकळी जागा सोडली जाई. भोवती खंदक आणि मातीचा बांध. आज येथे, उद्या दहा कोसांवर. आखणी मात्र तीच.

नीट लावलेल्या स्वयंपाकघराची आठवण करा. ऐन फोडणीच्या वेळी दिवा विझला तरी गृहिणीचा हात मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीच्याच वाटीत पडतो, हिंगाच्या नाही. अशा घरात कालच आलेली सूनसुद्धा पहिल्याच रात्री स्वयंपाक निभावून नेते; कारण चातुर्य तिच्या एकटीच्या अंगी असावे लागत नाही, ते मांडणीवर, फळीवर, डब्यात आधीच मुरलेले असते. सासू आजारी पडो वा माहेरी जावो, चूल थांबत नाही.

रोमचे कॉन्सल हे दरसाल येणाऱ्या नव्या सुनेसारखे होते, हे ध्यानात घ्या. दोन माणसे निवडून येत, एक वर्ष कारभार पाहत, सैन्य चालवीत आणि पायउतार होत. त्यांत युद्धकलेत निपुण असे थोडे. ख्रि. पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर रोमचा शत्रू हॅनिबल याने रोमचे प्रचंड सैन्य एका दिवसात कापून काढले आणि दोहोंपैकी एक कॉन्सल तेथेच पडला. तरी पुढल्या वर्षी नवे कॉन्सल होते, नव्या पलटणी होत्या, आणि संध्याकाळी तोच खंदक खणला जात होता. हॅनिबलचा मात्र दुसरा हॅनिबल नव्हता. हे मी पुन्हा सांगतो, कारण ऐकताना निसटण्यासारखे आहे: रोमचे बळ माणसात कमी आणि शिरस्त्यात अधिक होते.

या शिरस्त्याचा नमुना म्हणून सूर्यास्ताला छावणीत परवलीचा शब्द कसा फिरे ते पाहा. ट्रिब्यून या पलटणीच्या अधिकाऱ्याच्या तंबूतून लाकडी पाटीवर लिहिलेला शब्द रस्त्याच्या टोकाच्या तुकडीत जाई. तेथून साक्षीदारांसमक्ष शेजारच्या तुकडीच्या नायकाकडे, मग पुढच्याकडे, आणि अंधार पडण्यापूर्वी पाटी ट्रिब्यूनच्या हाती परत येई. अशा अनेक पाट्या फिरत; एखादी कमी भरली तर ती कोठे अडकली हे पाट्यांवरील खुणांवरून कळे आणि तपास होई. रात्री गस्तवाले घोडेस्वार पहाऱ्यांवरच्या पाट्या अशाच गोळा करीत. झोपी गेलेल्याला साऱ्या छावणीच्या काठ्याधोंड्यांचा मार बसे.

आणि हा शिरस्ता सुटला की काय होते तेही रोमने पाहिले. स्पेनमधील न्यूमान्शिया या लहानशा नगरापुढे ख्रि. पू. १३७ मध्ये एका कॉन्सलने सैन्यासह शरणागतीचा तह केला. तीन वर्षांनी स्किपिओ हा रोमन सेनापती तेथे गेला तो प्रथम शत्रूवर नव्हे, आपल्याच छावणीवर चालून गेला. व्यापारी, वेश्या, भविष्य सांगणारे यांना त्याने बाहेर काढले. स्वयंपाकासाठी एक सळई, एक तांब्याचे भांडे आणि एक पेला एवढेच ठेवू दिले. रोज खंदक खणावयाचे, रोज बुजवावयाचे, असे शिपायांकडून करवून घेतले. मगच त्याने त्या नगराला तटबंदीचा वेढा घातला, आणि ख्रि. पू. १३३ मध्ये उपासमारीने ते शरण आले. त्या उपाशी माणसांविषयी बोलावयाला खरोखर वेगळे भाषण हवे. दोन कॉन्सल एकमेकांना कसे अडवू शकत, आणि सेनेट त्यांना खर्चाच्या थैलीने कसे बांधून ठेवी, हेही सांगावयाचे होते. पण घड्याळाचा काटा पुढे सरकला आहे.

तेव्हा ऐकत असलेल्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती. कॅनीची लढाई फळ्यावर काढाल त्याच्या आदल्या तासाला एक चौकोन काढा, त्यात सेनापतीचे निशाण दाखवा, रस्ते आखा, आणि मुलांना विचारा की काळोख्या रात्री, अनोळखी मुलखात, शिपायाला आपला तंबू कसा सापडत असेल.