वऱ्हाडची कादंबरी, वऱ्हाडच्या आवाजात



 

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता महाराष्ट्राने आधी ऐकली आणि मग वाचली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गायक जी. एन. जोशी यांनी ती ध्वनिमुद्रिकेवर गायली. घरोघरच्या ग्रामोफोनवर ती वाजली आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून सांगितली जाऊ लागली. त्याच नावाचा संग्रह छापून आला १९५४ साली. मेहकरच्या कवितेला पुस्तकाआधी आवाजाने गावाबाहेर नेले.

आज आपल्या हातात ग्रामोफोनपेक्षा कितीतरी सोपे साधन आहे. ते म्हणजे पॉडकास्ट. कापूस वेचणारी बाई मोबाईल ओटीत ठेवून ऐकते. खामगावच्या बाजार समितीत माल घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला नंबर लागेपर्यंत ऐकतो. भाकरी थापताना, सोयाबीनला पाणी देताना, एसटीत खिडकीशी बसून लोक काही ना काही ऐकत असतात. ही माणसे तीनशे पानांची कादंबरी हातात धरून बसतील असे नाही. पण तिच्याबद्दल कोणी जीव लावून बोलत असेल, तर ती थांबून ऐकतात. आणि ऐकण्याची सवय या जिल्ह्याला नव्याने लावायची नाही. शेगावच्या परिसरात एकाने पोथीचा अध्याय वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, हे कित्येक पिढ्या चालत आले आहे. कीर्तनात बुवा अभंगाचे एक चरण धरून तासभर निरूपण करतात, तेव्हा निरक्षर श्रोताही त्या चरणाचे चार अर्थ घेऊन घरी जातो. कादंबरीचे निरूपण आपण अजून सुरू केलेले नाही, इतकेच.

माझे म्हणणे असे आहे, की विसाव्या शतकातल्या आपल्या भागातल्या कादंबऱ्या मुळात कानासाठी लिहिलेल्या आहेत. डोळ्यांनी वाचताना त्यांचे अर्धे बळ कागदावरच राहते.

उद्धव शेळके यांची ‘धग’ घ्या. १९६०ची कादंबरी. अमरावतीकडच्या खेड्यातली शिंप्याच्या घरची कौतिक तिच्या मध्यभागी आहे. नवऱ्याच्या हातून संसार उभा राहत नाही, म्हणून ती स्वतः राबते, पोरांना शाळेत घालू पाहते आणि परिस्थिती तिला एकेका पावलावर मागे ढकलते. तिचे बोलणे अस्सल वऱ्हाडी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही भाषा अडखळत वाचावी लागते. तो ‘डोया’पाशी थांबतो, ‘मले’पाशी थांबतो, ‘करून राह्यली’ याचा अर्थ लावत बसतो. अर्थ लागेपर्यंत कौतिकचा राग थंड झालेला असतो. तेच पान आपल्याकडच्या एखाद्या काकूंनी मोठ्याने वाचले, तर अर्थ लावायची गरजच उरत नाही. नवऱ्याशी भांडताना कौतिकचा आवाज कुठे चढतो, पोराशी बोलताना तो कुठे खाली येतो, वाक्याच्या शेवटी ती किती थांबते, हे सारे कानाला आपोआप कळते. लेखकाने हे थांबे ऐकून लिहिले आहेत. ते ऐकवायला वऱ्हाडी माणूसच लागतो.

म्हणून पॉडकास्टची जबाबदारी आपल्यावर आहे, असे मी म्हणतो. ‘धग’वर मोठ्या शहरातल्या स्टुडिओत चर्चा होईल, तेव्हा ‘प्रादेशिक कादंबरी’ असे लेबल लावून होईल. इथे होईल तेव्हा ती आपल्या शेजारणीची गोष्ट असेल.

आता लेखकाच्या वारशाबद्दल. शेळके १९९२ साली गेले. त्यांनी लेखणीवरच पोट भरायचे ठरवले होते, त्यामुळे ‘धग’नंतर लोकप्रिय कादंबऱ्यांचा मोठा ढीग त्यांच्या नावावर जमा झाला. समीक्षेने ‘धग’ उचलून धरली आणि बाकीचे बाजूला सारले. हा न्याय पुरता झाला का? लेखणीवर जगणाऱ्या माणसाला मराठीत काय किंमत मोजावी लागते, हे त्या ढिगाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. एखाद्या तरुण अभ्यासकाने त्यातल्या चार-पाच कादंबऱ्या वाचून तासभर त्यांच्यावर बोलावे. त्यात कौतिकचा आवाज कुठे टिकला आहे आणि कुठे विझला आहे, ते सांगावे. असा एक भाग शेळक्यांच्या नावाच्या दहा पुरस्कारांपेक्षा मला मोलाचा वाटेल.

वारसा आपोआप टिकत नाही, हे बुलढाण्याइतके दुसऱ्या कोणी अनुभवले नसेल. याच गावच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. केवढे धगधगते पुस्तक! ते जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा महाराष्ट्राला ताराबाई कळल्या. मधल्या काळात या गावात त्या पुस्तकावर बोलणारी दहा माणसे असती, तर वेगळे घडले असते.

जुन्या पुस्तकांवर बोलणाऱ्यांची ही उणीव परदेशात लोकांनी ओळखली. इंग्लंडमध्ये जॉन मिचिन्सन आणि अँडी मिलर यांनी २०१५पासून ‘बॅकलिस्टेड’ नावाचा पॉडकास्ट चालवला. दर वेळी एक जुने पुस्तक, ते पुस्तक जिवापाड आवडलेला एक पाहुणा आणि मनमोकळी चर्चा, इतकाच त्याचा थाट. बहुतेक पुस्तके गेल्या शतकातली आणि मागे पडलेली असतात. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की बोलणाऱ्याने पुस्तक खरोखर वाचलेले असावे.

हे मी मुद्दाम सांगतो. आज मराठीत लेखकांच्या मुलाखती भरपूर होतात. पण त्यात विचारले जाते, बालपण कसे गेले, पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा काय वाटले, दिवसातून किती तास लिहिता. लेखकाची मुलाखत झाली म्हणजे कादंबरीची चर्चा झाली, असे आपण धरून चालतो. ही चूक आहे. कादंबरी उघडा, पान काढा, त्या पानावर बोला.

एक उदाहरण देतो. आपल्या चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख. पाण्यासाठी तळमळणाऱ्या गावाची ‘तहान’ त्यांनी विसावे शतक संपायच्या आत लिहिली आणि २००२ साली ‘बारोमास’ आली. ‘बारोमास’ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे या सभागृहात सर्वांना पाठ आहे. पण त्यातल्या अलकाबद्दल आपण कधी नीट बोललो का? एकनाथ तनपुरे शिकलेला आहे. नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत म्हणून तो शेतीत अडकतो. त्याची बायको अलका शहरी वळणाची आहे आणि ते घर तिला सोसत नाही. वाचक सहसा एकनाथच्या बाजूने उभा राहतो. आता हाच प्रसंग घेऊन एका भागात एक सासू, एक सून आणि लग्न ठरत नसलेला एक शेतकरी मुलगा यांना बोलवा. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुली आज गावोगाव आहेत. त्या अलकाला दोष देतील का? ती चर्चा चाळीस मिनिटांत आटोपणार नाही, आणि कादंबरी वीसहून अधिक वर्षांपूर्वीची आहे हे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही.

शेजारही आपला श्रीमंत आहे. मलकापूरच्या पलीकडे खानदेश लागतो, तिथल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. ती अख्खी कादंबरी म्हणजे पांडुरंग सांगवीकरचे बोलणे आहे. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पाने मोठ्याने वाचताना भल्याभल्यांचा आवाज कापतो. वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चा अकादमी पुरस्कार मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’, श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ या सगळ्या आपापल्या मुलखाच्या बोलीत रुजलेल्या कादंबऱ्या आहेत. आधी आपले घर करू, मग शेजारी जाऊ.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. कवी आणि कादंबरीकार बा. सी. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांची ‘रात्रीचा दिवस’ २०१७पासून कोणीही संपूर्ण वाचून प्रसारित करू शकतो. अमरावतीत शिकलेल्या डॉ. श्री. व्यं. केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ तर केव्हाच मुक्त झाली आहे. ‘धग’चे हक्क मात्र २०५२च्या अखेरपर्यंत आहेत. समीक्षेसाठी मोजका उतारा वाचायला कायद्याची आडकाठी नाही, पण अख्खी कादंबरी वाचायची असेल तर वारसांची आणि प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या घरच्यांचा हक्क बुडवून त्याचा वारसा जपता येत नाही.

साधनांची चिंता करू नका. चांगला मोबाईल, पंखा बंद केलेली खोली आणि भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या एवढ्यावर स्वच्छ आवाज मिळतो. आपली तालुक्या-तालुक्यातली ग्रंथालये दुपारी ओस असतात. तिथे हे काम व्हावे.

आणि एक काम तातडीचे आहे. आपल्या जिल्ह्यात घाटावरची बोली मराठवाड्याकडे झुकते, घाटाखालची खानदेशाकडे. सिंदखेडराजाची म्हातारी आणि जळगाव जामोदची म्हातारी एकच वाक्य वेगळ्या हेलाने बोलतात. हे हेल शाळेच्या आणि टीव्हीच्या मराठीत वेगाने विरघळत आहेत. कादंबरीत शब्द राहिले आहेत, हेल कुठेच नोंदला गेलेला नाही. तो ज्यांच्या तोंडी आहे, ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून इथे बसलेल्या प्राध्यापकांना, शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांनी एकेक कादंबरी वाटून घ्यावी. पुढच्या संमेलनाआधी प्रत्येकाने तिच्यावर निदान तीन भाग तयार करावेत, आणि त्यात वाचणारा आवाज त्याच तालुक्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा असावा. ‘धग’ची जबाबदारी बुलढाणा तालुक्याने घ्यावी, असे मी सुचवतो. ज्यांची तयारी असेल, त्यांनी जेवणाच्या सुटीत मला भेटावे आणि आपले नाव लिहून द्यावे.