माणूस भंगलेला, जग बदलेल काय?



आमचा उद्योग कामगारांची संघटना बांधण्याचा. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून. आम्ही ख्रिस्तीही नाही. तरीसुद्धा आज ख्रिस्ती विचारातला एक प्रश्न आम्ही मुद्दाम निवडला आहे, कारण तो आम्हांला कारखान्याच्या दाराशी वारंवार भेटतो. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन जावे, तर एखादा वयस्क कामगार म्हणतो, “भाऊ, माणसाची जातच अशी. आज मालक खातो, उद्या तुमचा पुढारी खाईल. कशाला हा खटाटोप?” हा माणूस आळशी नसतो, भित्राही नसतो. त्याने पुष्कळ पाहिलेले असते. त्याला काय उत्तर द्यावयाचे?

त्याचे अर्धे म्हणणे ख्रिस्ती धर्माने फार पूर्वीच मान्य केले आहे. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपात घडवला, ही एक. आणि त्या मनुष्याने आज्ञा मोडली, ही दुसरी. तेव्हापासून माणूस थोर आहे आणि भंगलेलाही आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने हा विचार पक्का केला. पेलाजियस नावाचा त्याचा समकालीन म्हणत असे की, माणसाने मनावर घेतले तर तो निर्दोष जगू शकेल. ऑगस्टीनचे उत्तर असे की, ज्या मनावर घ्यावयाचे ते मनच आजारी आहे. देवाच्या कृपेवाचून ते बरे व्हावयाचे नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले.

आदामाची कथा कोणी अक्षरशः खरी मानो वा न मानो. परंतु या शिकवणुकीतून जगाविषयी काय निष्कर्ष काढावयाचा, हा प्रश्न उरतोच. गुलामगिरीचेच उदाहरण घेऊ. ऑगस्टीन म्हणतो, गुलामगिरी ही निसर्गाची रचना नव्हे, ते पापाचे फळ आहे. आता या एका वाक्यातून दोन वाटा फुटतात. पापाचे फळ आहे, तेव्हा देवाचे राज्य येईपर्यंत मुकाट्याने सोसा, ही पहिली. पापाचे फळ आहे, तेव्हा ते तोडून टाका, ही दुसरी. शतकानुशतके बहुतेक धर्मगुरू पहिल्या वाटेने गेले. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील क्वेकर पंथाची माणसे, आणि पुढे विल्बरफोर्सचे सहकारी, दुसऱ्या वाटेने निघाले. शास्त्र तेच, निष्कर्ष उलटे. म्हणून आम्ही श्रोत्यांना सुचवितो की, “माणूस पापी आहे” हे वाक्य कानी पडले म्हणजे ते कोण बोलतो आहे तेवढे पाहावे: ज्याच्या पाठीवर चाबूक पडतो तो, की ज्याची साखर विकली जाते तो?

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांनी जग बदलले काय? होय, बदलले. ब्रिटनने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ साली आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी मोडण्याचा कायदा केला. पण त्या कायद्याचा हिशेब पाहा. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, ते गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. गुलामांना उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. आणि मळ्यांना मजूर हवेच होते. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातील माणसे गिरमिटावर मॉरिशसला जाऊ लागली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणची माणसेही होती. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणवून घेतात. दाराने हाकललेले पाप खिडकीतून आत आले.

मग आमचा तो वयस्क कामगार खरा ठरला काय? आम्हांला तसे वाटत नाही. गिरमिटाचे हाल भयंकर होते. तथापि गिरमिटाला मुदत होती, आणि गिरमिट्याचे मूल बाजारात विकता येत नव्हते. एवढाच फरक, पण ज्याचे मूल विकले गेले नाही त्याला तो विचारा. पुढे गिरमिटाविरुद्धही लोक उठले. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हा ख्रिस्ती मिशनरी १९१५ साली फिजीत गेला, मजुरांच्या वस्त्या डोळ्यांनी पाहून आला आणि आपल्या नेत्यांच्या खांद्याला खांदा लावून झगडला. १९१७ साली हिंदुस्थानातून मजूर पाठवणे थांबले. जग बदलते; पण एकदा बदलून भागत नाही. प्रत्येक पिढीला त्याच कामावर पुन्हा हजेरी लावावी लागते.

गेल्या शतकात अमेरिकेतील दोन पाद्र्यांनी या प्रश्नाचा आमच्यासारख्यांच्या उपयोगी पडेल असा विचार केला. पहिला वॉल्टर राउशेनबुश. १८८६ पासून अकरा वर्षे त्याने न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या दरिद्री वस्तीजवळ उपाध्येपण केले. तेथे लहान मुलांच्या प्रेतयात्रा त्याला पाहवेनात. त्याच्या ध्यानात आले की, पाप फक्त काळजात राहत नाही. ते घरभाड्यात, पगारपत्रकात, कामाच्या तासांत जाऊन बसते आणि बापाकडून मुलाकडे वारशाने येते. तेव्हा प्रार्थना काळजासाठी करावी, तसा लढा व्यवस्थेशी द्यावा. १९०७ सालच्या त्याच्या पुस्तकाने हजारो ख्रिस्ती तरुण सामाजिक कार्यात आले. त्यांची आशा मोठी होती. पहिल्या महायुद्धाने तिला जबर तडाखा दिला.

दुसरा राइनहोल्ड नीबुर. हा १९१५ ते १९२८ डेट्रॉइट शहरात एका चर्चचा पाद्री होता. हेन्री फोर्डने १९१४ साली पाच डॉलर रोज जाहीर केला आणि जगभर त्याच्या औदार्याचा डंका वाजला. नीबुरने कामगारांच्या घरात बसून साधा प्रश्न विचारला: रोज मोठा खरा, पण वर्षाकाठी रोज भरतात किती? १९२७ साली जुनी मोटार बंद करून नवी काढण्यासाठी कारखाना काही महिने थांबला, तेव्हा हजारो कामगार बिनपगारी घरी बसले. नीबुरने आपले व्यासपीठ युनियनच्या कार्यकर्त्यांना खुले केले होते. १९३२ सालच्या ग्रंथात त्याने लिहिले त्याचे सार असे: एकटा माणूस दयाळू असू शकतो, पण जमाव, वर्ग, राष्ट्र म्हणून तो आपला स्वार्थ आपण होऊन सोडत नाही. सत्तेला सत्तेनेच आवरावे लागते.

येथवर आम्ही टाळ्या वाजवतो. परंतु नीबुर येथे थांबत नाही. तो म्हणतो, पिळला गेलेला वर्गही निष्पाप नसतो. आपली बाजू न्यायाची आहे या जाणिवेनेच तो आंधळा होऊ शकतो. गांधींच्या चळवळीचाही त्याने आदराने अभ्यास केला आणि दाखवून दिले की, विलायती कापडावरच्या बहिष्काराची झळ मँचेस्टरच्या मजुरांच्या मुलांनाही लागते. तरीही हाच मार्ग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या उपयोगी पडेल असे त्याने लिहून ठेवले. १९५५–५६ साली माँटगोमेरी शहरात ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनी राउशेनबुश आणि नीबुर दोघांनाही वाचले होते. एकाकडून त्यांनी आशा घेतली, दुसऱ्याकडून सावधपणा.

आम्हांला या विचाराचा अर्थ लागतो तो युनियनच्या कचेरीत. धनादेशावर दोन सह्या का? हिशेब तपासून सर्वसाधारण सभेपुढे का मांडावयाचा? ठरल्या मुदतीत निवडणूक का? कार्यकर्ते कधी कधी रुसतात, “आमच्यावर विश्वास नाही काय?” विश्वास आहे, म्हणून तर तिजोरी हाती दिली, माणूस भंगलेला आहे, म्हणून किल्ल्या दोन ठेवल्या. ज्यांना वाटले की कारखान्याची मालकी बदलली की माणूस आपोआप शुद्ध होईल, त्यांनी रशियात एका पक्षाच्या हाती सगळ्या किल्ल्या दिल्या. १९३० नंतरच्या दशकात त्याची किंमत लाखो जीवांनी मोजली, आणि त्यांत स्वतः कामगार होते.

ख्रिस्ती माणूस म्हणेल की, पुरते बरे करणे देवाच्याच हाती आहे. त्या वादात आम्ही पडत नाही. स्वर्गाचे राज्य आणणे आमच्या आवाक्यात नाही. तीन वर्षांचा पगारकरार आणणे आहे, आणि तो मोडला तर पुन्हा दारात उभे राहणेही आहे.

आपणांपैकी कोणी पतपेढी चालवीत असतील, कोणी शाळेच्या समितीवर असतील, कोणी वाचनालयाचे चिटणीस असतील. “सगळेच चोर” हे वाक्य आपणही ऐकत असाल. ते शहाणपणाचे वाटते, पण त्याचा सर्वांत जास्त उपयोग चोरालाच होतो; कारण सगळेच चोर म्हटले की हिशेब कोणी मागत नाही. माणूस सदोष आहे, हे हातपाय गाळण्याचे कारण नव्हे. हिशेब मागण्याचे, आणि आपला देण्याचे, ते कारण आहे. त्या वयस्क कामगाराला आम्ही एवढेच सांगतो की, दादा, तुमचा संशय घेऊनच सभासद व्हा. युनियनला त्याची गरज आहे.