दातांचा रोजमेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षात आरोग्य सप्ताहातील एक व्याख्यान दातांविषयी असावे असे ठरले, आणि ते एखाद्या व्यापाऱ्याने द्यावे असा आग्रह खुद्द डॉक्टर मंडळींनीच धरला. त्यांचे म्हणणे असे की, डॉक्टरांचे बोलणे रुग्णांसाठी आहे असे समजून निरोगी माणूस ते सोडून देतो आणि दाढ ठणकू लागली म्हणजे मग त्याला ते आठवते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते वाचलेले आणि जाणकारांकडून समजून घेतलेले आहे. मांडणी तेवढी व्यापाऱ्याची आहे.

आपल्या पिढीच्या व्यापाऱ्यांना रोजमेळ म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. दुकान वाढवण्यापूर्वी दिवसाची जमा-नावे लिहायची, शिल्लक मोजायची आणि मगच कुलूप लावायचे. आजचा फरक आज सापडतो. महिन्याने शोधायला बसले तर सापडत नाही. दातांचा व्यवहार अगदी याच नियमाने चालतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

दातांवर रोज एक मऊ, चिकट, पांढुरका थर बसतो. त्याला प्लाक म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांच्या मुळाशी नख फिरवले तर नखाला जे लागते, तेच ते. हे उरलेले अन्न आहे असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो सूक्ष्म जीवांचा एकमेकांना धरून राहिलेला दाट थर असतो. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातांवर तयार होतो. काही तासांत त्या पापुद्र्याला जंतू चिकटतात, वाढतात आणि आपल्याभोवती चिकट आवरण निर्माण करतात. नुसती चूळ भरून हा थर निघत नाही. तो पुसून, घासूनच काढावा लागतो.

या सूक्ष्म जीवांचे दर्शन जगाला प्रथम कोणी घडवले, हे वाचून मला फार आनंद झाला, कारण तो गृहस्थ आपल्या व्यवसायातला होता. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी अँटनी व्हॅन लीवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याचा जन्म १६३२ चा. कापडाची वीण तपासण्यासाठी आपण जसे भिंग वापरतो, तसे भिंग त्या काळीही कापडवाल्यांकडे असे. या माणसाने स्वतःच्या हाताने अतिशय शक्तिशाली भिंगे घडवली. १६८३ साली त्याने आपल्या दातांच्या फटीतील पांढरा मळ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करताना त्याला दिसले. ही हकिकत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. विशेष म्हणजे हा मनुष्य रोज सकाळी मिठाने दात घासत असे आणि जेवणानंतर दात कोरून कापडाने पुसत असे. ज्याने कधीच दात स्वच्छ केले नव्हते अशा एका वृद्धाच्या तोंडातील मळही त्याने तपासला, तेव्हा त्यात जीवांची प्रचंड गर्दी आढळली. पुढे त्याने असेही पाहिले की, तोंडात व्हिनेगर धरले तरी दातांवरील मळातले जीव जिवंतच राहतात. तोच मळ बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळले तर मात्र ते मरतात. म्हणजे थराच्या आत औषध पोहोचत नाही. आजच्या सुगंधी माउथवॉशच्या बाटलीवर विसंबून ब्रशला विश्रांती देणाऱ्यांनी ही सव्वातीनशे वर्षांहून जुनी नोंद अवश्य लक्षात ठेवावी.

हा थर राहू दिला तर त्याचे दोन प्रकारचे परिणाम होतात. पहिला म्हणजे दात किडणे. थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दातांचे कठीण कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. एकदा गोड खाल्ले की ही आम्लता उतरायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. आता आपली पेढी डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक आले की चहा, दलाल आला की चहा, मध्येच पेपरमिंट, जेवणानंतर साखर लावलेली बडीशेप. दिवसभरात दातांना उसंत अशी मिळतच नाही. जेवणाबरोबर एक बर्फी खाणाऱ्यापेक्षा तासातासाने अर्धा कप गोड चहा घेणारा अधिक नुकसान करून घेतो.

दुसरा परिणाम हिरड्यांवर होतो, आणि आपल्या वयाच्या मंडळींचे दात बहुधा त्यानेच जातात. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे पूर्ण थांबवले. १० ते २१ दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासणे सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. कोणतेही औषध द्यावे लागले नाही. प्लाकमुळेच हिरड्या सुजतात आणि तो काढला की त्या बऱ्या होतात, हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले.

परंतु हिशेब वर्षानुवर्षे तुंबला तर? त्याचेही उत्तर याच संशोधकांनी शोधले. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० पुरुष कामगारांची त्यांनी १९७० ते १९८५ या काळात वेळोवेळी तपासणी केली. दात स्वच्छ करण्याची सवय या कामगारांना नव्हती. त्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांच्या दातांभोवतीचा आधार फार वेगाने नष्ट झाला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि सुमारे ११ टक्क्यांचे हिरड्यांच्या सुजेपलीकडे फारसे नुकसान झाले नाही. आपल्यात एखादे आजोबा असतात, ज्यांनी ब्रश हातात न धरताही नव्वदीपर्यंत दात टिकवले. ते या ११ टक्क्यांतले. त्यांच्याकडे बोट दाखवून उरलेल्या ८९ जणांनी स्वस्थ बसणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

न काढलेल्या प्लाकमध्ये लाळेतील क्षार साचून तो एक-दोन दिवसांतच टणक होऊ लागतो. यालाच आपण किटण म्हणतो. कापडावर पडलेला ताजा डाग साध्या पाण्याने निघतो, तोच वाळून मुरला की कारागिराकडे पाठवावा लागतो. किटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याने साधनांनी काढावे लागते. या ठिकाणी एका गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक वाटते. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते सैल होतात, असे आपल्या माता-भगिनी आग्रहाने सांगतात. वस्तुस्थिती अशी की, किटणाखाली आधार आधीच झिजलेला असतो. किटण निघाल्यावर फट दिसते आणि दात हलका वाटतो, एवढेच. भिंतीला आधीच गेलेला तडा रंग खरवडल्यावर दिसला म्हणून कोणी रंगाऱ्याला दोष देत नाही.

दुसरा गैरसमज हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताविषयी. रक्त दिसले की लोक तेवढी जागा घासणे सोडून देतात. रक्त ही बहुधा सुजेची खूण असते आणि त्या जागेला अधिक मृदू, परंतु अधिक काळजीपूर्वक स्वच्छतेची गरज असते. आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असूनही रक्त कमी येते, त्यामुळे त्यांनी निश्चिंत राहू नये. आपल्या महाराष्ट्रात मिश्रीने दात घासण्याची प्रथा अजूनही काही घरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे घरातल्या माणसांनीच बोलले पाहिजे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात काही दिवस चकाकतात, परंतु कवच झिजते आणि झिजलेले कवच पुन्हा येत नाही.

मधुमेही बंधूंनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांचा विकार वाढला की साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. आपला आहारही पूर्ण शाकाहारी आहे. ज्वारीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, शेंगदाणे, काकडी, पेरू हे सारे चावून खाण्याचे पदार्थ. दात गेले की ताटातून प्रथम हेच पदार्थ जातात, आणि उरतो तो मऊ भात, चहात बुडवलेले बिस्किट आणि शिरा. दातांबरोबर पोषणही जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ब्रश मऊ केसांचा असावा. तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरका धरावा आणि हलक्या हाताने लहान लहान फेऱ्यांत फिरवावा. जोराने आडवे घासल्याने हिरडी मागे सरते. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग, असा क्रम ठरवून घ्यावा म्हणजे कोपरा सुटत नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विशेष सांभाळावी. तेथे किटण लवकर साचते. एकूण दोन मिनिटे, दिवसातून दोन वेळा. टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ती गिळू देऊ नये. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तेथे फ्लॉसचा दोरा किंवा फटीचा बारीक ब्रश वापरावा. टाचणी किंवा काडेपेटीची काडी वापरू नये. जीभ रोज स्वच्छ करावी. केस विसकटले की, अथवा तीन-चार महिन्यांनी, ब्रश बदलावा. वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कवळी वापरणाऱ्यांनी ती रोज घासावी आणि रात्री काढून ठेवावी.

दोन वेळांपैकी रात्रीची वेळ अधिक महत्त्वाची, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. येथे चौविहार पाळणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. सूर्यास्तानंतर तोंडात पाणीही घ्यायचे नाही, मग रात्री ब्रश कसा करायचा? त्याचे उत्तर सोपे आहे. सायंकाळचे जेवण दहा मिनिटे आधी आटोपावे, दात नीट स्वच्छ करावेत आणि मग पच्चक्खाण घ्यावे. त्यानंतर सकाळपर्यंत तोंडात काहीच जात नसल्याने स्वच्छ केलेल्या दातांना सलग विसावा मिळतो. ही सोय इतरांना सहजासहजी लाभत नाही.

उपवासात खाल्लेच नाही तर घासायचे कशाला, असेही विचारले जाते. साखर नसल्यामुळे आम्ल कमी होते हे खरे. परंतु जंतू लाळेवरही जगतात, त्यामुळे थर बसतच राहतो. तपश्चर्येच्या दिवसांत कोणी व्रताचा भाग म्हणून दंतधावन वर्ज्य करीत असेल तर त्याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. मात्र व्रत धारण करण्यापूर्वी आणि पारण्यानंतर दातांची मनापासून स्वच्छता करायला हरकत कोणती? साधु-साध्वींच्या आचारात दंतधावनाचा त्याग सांगितला आहे. देहाची ममता सोडण्याच्या साधनेचा तो भाग आहे. दिवसभर चहा आणि सुपारी चालू ठेवून त्या त्यागाचा दाखला देणे श्रावकाला शोभत नाही.

घासण्यात सूक्ष्म जीवांची विराधना नाही का, ही शंकाही एका ज्येष्ठ भगिनीने मला विचारली. आपण घर झाडून-पुसून ठेवतो, पाणी गाळतो, धान्य वेळेवर निवडतो, ते जीवोत्पत्ती होऊच नये म्हणून. त्यालाच जयणा म्हणतात. रोजचा मळ रोज काढला तर थोडक्यात भागते. साचू दिला तर पुढे मोठी औषधे आणि मोठे उपचार अटळ होतात.

बंधू-भगिनींनो, ५० वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट स्थापन केला त्यांनी रोजचे काम रोज केले, म्हणून आज हा सोहळा आपण पाहत आहोत. दातांसाठी मी आपणाकडे दिवसाची चार मिनिटे मागतो आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी नातवंडांना शेजारी उभे करून ही चार मिनिटे पाळली, तर वेगळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.